सलामीच्या पाच फैरी

पाऊस कशानं येतो आणि कशानं जातो, याचं उत्तर आमच्या गावात ज्याच्या त्याच्या तोंडात तयार असतं. ते ऐकलं की माझ्या डोक्यात आजही तिडीक जाते. बहात्तर सालचा दुष्काळ, निदान आमच्या शिवारापुरता, माझ्या वडिलांच्या रायफलीमुळं पडला असं त्या वर्षी लोक म्हणत होते. चेष्टेनं नव्हे हो. चांगली मान हलवून, सुस्कारा टाकून म्हणायचे.

गाव नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं. दसऱ्याला संध्याकाळी देवाची पालखी वाजतगाजत शिवेवर जायची, आपट्याची पूजा व्हायची आणि मग सलामीच्या पाच फैरी झडायच्या. पाचही लागोपाठ, मध्ये खंड पडता कामा नये. फैरी झाल्याशिवाय कुणी कुणाला सोनं देत नसे. पूर्वी हा मान एका जुन्या घराकडं होता. त्यांच्याकडं ठासणीची बंदूक. एक बार काढला की दारू ठासत बसायचं, तोवर लोक जांभया द्यायचे. दादा, म्हणजे माझे वडील, पलटणीतून हवालदार होऊन परत आले. येताना त्यांच्या साहेबानं विलायतेला जाताना देऊन टाकलेली बावीस बोअरची रायफल लायसन काढून घेऊन आले. नुसता चाप ओढत राहायचं, दर खेपेला आपोआप पुढचं काडतूस नळीत चढायचं. गाव खूष झालं आणि मान आमच्या घराकडं आला. माझे दादा तसे अबोल. पण दसऱ्याच्या दिवशी इस्त्रीचा खाकी सदरा घालून शिवेवर उभे राहिले की वीतभर उंच दिसायचे.

एकाहत्तरच्या दसऱ्याला पहिली फैर झडली, दुसरी झडली, आणि तिसऱ्याला नुसतं टिक्. दादांनी काडतूस चढवणारा बोल्ट खेचला, ढकलला, परत खेचला. आत दोन काडतुसं एकमेकांत घुसून बसलेली. हलगीवाला वाजवायचा थांबला. पोरंसोरं हसली. ठासणीवाल्यांच्या घरातला एकजण मोठ्यानं म्हणाला, "हवालदार, विलायती जनावर बसलं वाटतं!" दादांनी नखानं काडतूस उपसून काढलं, उरलेल्या फैरी कशाबशा झाडल्या आणि घरी येऊन न जेवता झोपले.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या पावसाळ्यात आभाळ कोरडं गेलं. मृग गेला, आर्द्रा गेल्या, पोळ्याला बैलांच्या अंगावर घालायला पाणी नव्हतं. सरकारनं रस्त्याचं काम काढलं आणि अख्खं गाव खडी फोडायला गेलं. दुपारी हातोड्या खाली ठेवून लोक सुकडी खायला बसले की बोलायला विषय एकच. "फैर अडली आन् पाऊस बी अडला." आधी कुणीतरी थट्टेनं म्हणालं असेल. पण आमच्याकडं थट्टा महिनाभर तोंडातून फिरली की तिचा शिरस्ता होतो. आई खडीवरून आली की पदराची गाठ जोरात सोडायची आणि म्हणायची, "आज बी मला इचारलं, हवालदारांनी बंदूक नीट केली का म्हनून. मी म्हनलं, तुमच्या ढगाला लायसन हाय का?"

आई असं बोलून मोकळी व्हायची. दादा मात्र गप्प बसायचे. त्यांचं गप्प बसणं बघितलं की मला चीड यायची, गावाचीही आणि त्यांचीही.

मी तेव्हा कर्जतला ऑइल इंजिन दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. विहिरी आटल्या, इंजिनं थंडावली, दुकानमालकानं पाणी येईपर्यंत घरी बस म्हणून सांगितलं. नवरात्राच्या तोंडावर मी घरी. त्याच आठवड्यात गावातली जाणती माणसं मारुतीच्या पारावर बसली आणि दादांना बोलावून घेतलं. आडपडदा न ठेवता त्यांना सांगितलं, यंदा जर फैर अडली तर मान परत जुन्या घरी जाईल. आणि एक म्हातारा पुढं म्हणाला, "हवालदार, राग धरू नका. पर दुसरं साल कोरडं ग्येलं तर गावानं कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

दादा एवढंच म्हणाले, "मंजूर हाय."

घरी येऊन त्यांनी रायफल खुंटीवरून काढली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "तू मिस्तरी हायेस ना? बघ ह्यातलं काय बिघाडलंय. रायफलीतच खोट हाय. माज्याकडनं कायबी ऱ्हायलेलं न्हाई."

आजपर्यंत मला त्या रायफलीला बोट लावू न देणारा माणूस हे बोलत होता. मी खूषच झालो. म्हटलं, इंजिन काय आणि रायफल काय, लोखंडच ते. आत कुठंतरी अडतंय, ते शोधायचं. दोन दिवसांचं काम. कसले दोन दिवस! त्या रायफलीनं माझा अक्षरशः जीव खाल्ला.

पहिली अडचण काडतुसांची. जुनी विलायती काडतुसं संपून गेलेली. नगरच्या बंदूकवाल्याकडं एस.टी.नं गेलो, लायसन दाखवलं, देशी काडतुसांची एक लहान पेटी मिळाली. त्याला अडचण सांगितली तर त्यानं रायफल हातात धरली, दोनदा खडखडवली आणि म्हणाला, "स्प्रिंग गेली. मिळणार नाही. फॉरेनचा माल." बघायला उघडली तरी का? छे. तेवढ्या उत्तरासाठी मी अख्खा दिवस धुळीत घालवला होता. चिडून परत आलो.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात, दरडीपुढं उभं राहून मी एक मॅगझिन भरून झाडलं. एक काडतूस उडालं. दुसऱ्याची रिकामी पुंगळी बाहेर न पडता बोल्टमध्येच उभी अडकली. ती काढली, तर तिसरं काडतूस नाक वर करून नळीच्या तोंडाशी रुतलं. सगळी काडतुसं अशीच उडवली असती तर सलामीला काय फटाके लावणार होतो? म्हणजे इंजिनासारखं चालवून बघायची सोय नाही. उघडायचं, बघायचं, अंदाज बांधायचा आणि एकेका काडतुसानं अंदाज तपासायचा. मला असली कामं जमत नाहीत. माझा स्वभाव मुळातच उतावळा, एक नट सुटला नाही तर पाना फेकून देणारा मी.

मॅगझिन आधी धरलं. त्याचे ओठ, म्हणजे वरच्या दुमडलेल्या कडा, वाकले असतील तर काडतूस वाकडं वर येतं. नखानं चाचपून बघितलं, दोन्ही बाजू सारख्या होत्या. मॅगझिनची स्प्रिंगही जोरात उसळत होती. मग बोल्ट बाहेर काढला, आणि कपाळावर हात मारला. बोल्टच्या अंगावर, तो ज्या खाचेतून सरकतो तिच्यात, पुंगळी ओढणाऱ्या छोट्या आकड्याच्या मागं, सगळीकडं पिवळा चिकट थर. कढईच्या कडेला वर्षानुवर्षं बसतो ना, घासून निघत नाही, तसला. त्यात तांबडं काय ते चमकत होतं. बोटावर घेतलं तर कुंकू.

"आई!" मी ओरडलो. "खंडेनवमीला रायफलीला तेल कुठलं लावतेस?"

"घरचं. करडीचं," आई आतून म्हणाली. "का? देवाला चालतंय, त्येला चालंना व्हय?"

दर खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ यांच्याबरोबर रायफलही पाटावर मांडली जायची. आई तिला हळदकुंकू लावायची, झेंडू वाहायची आणि लोखंडाला गंज चढू नये म्हणून घाण्यावरचं करडीचं तेल चोपडायची. चोपडताना हात राखायचा नाही, हा तिचा शिरस्ता. ते तेल सुकलं की त्याचा डिंक होतो. वरून कुंकू. विळ्याला काय फरक पडतो! पण ह्या बोल्टला हलायला काडतुसाचा इवलासा धक्का मिळतो. तो धक्का त्या डिंकातच मरत होता.

मी तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हंजी माज्या तेलानं ढगं अडली म्हन की! सांग गावाला. उद्या माज्या हातचं खायाचं बी बंद करतील." आणि हसत सुटली. मलाही हसू आलं, पण रेशनचं रॉकेल मागितल्यावर तिचं हसू बंद झालं. दिव्याला पुरत नव्हतं तेव्हा. शेवटी वाटीभर मिळालं, बडबडीसकट.

बाभळीच्या काडीला चिंधी गुंडाळून मी तो थर खरवडला. रॉकेल काळं झालं, चिंध्या संपल्या, आईच्या जुन्या लुगड्याचा काठ गेला. नळीच्या तोंडाशीही काजळीचं कडं होतं, काडतुसांवरच्या मेणचट वंगणाचं. तेही घासून काढलं. सगळं कोरडं पुसून शिवणयंत्राचं पातळ तेल एक एक थेंब लावलं. काडतुसंही कोरड्या फडक्यानं पुसली. मग बोल्ट मागं ओढून सोडला. खट्! असा आवाज की ऐकूनच बरं वाटावं.

ओढ्यात गेलो. पाच फैरी लागोपाठ झडल्या. पाचही पुंगळ्या उजव्या हाताला धुळीत पडल्या. मी एकटाच नाचलो म्हटलं तरी चालेल. धावत घरी आलो आणि दादांना घेऊन गेलो.

दादांनी रायफल खांद्याला लावली. पहिली फैर. आणि दुसऱ्याला अडली.

मला वाटलं मी मरतो. तळपायाची आग मस्तकाला गेली. दादा शांतपणे म्हणाले, "म्हनलं न्हवतं? खोट हाय तिच्यात." मी रायफल घेतली, साफ केली, झाडली. नीट चालली. त्यांच्या हातात दिली, अडली. माझ्या हातात शहाणी, त्यांच्या हातात आडमुठी. उरलेली काडतुसं मोजकी, आणि त्यातली आणखी दोन वाया गेलेली.

तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं सोडून हाताकडं बघितलं. म्हटलं, "आणखी एकदा. हळू." फैर झडली. आणि लगेच दादांचा उजवा हात चाप सोडून बोल्टच्या दांडीवर गेला. सवयीनं. बोल्ट अर्धा मागं ओढला आणि पुढं नेऊन दाबला.

उभी उमर पलटणीत हातानं बोल्ट ओढायची रायफल चालवलेली. गोळी झाडली की हात तिकडं जाणारच. ही रायफल नवी होती, साफ होती, तेव्हा तिनंच सगळं पटकन केलं आणि हात जागेवर राहिला. मग तेल साचलं, ती रेंगाळायला लागली, आणि तिला मदत करायला जुना हात परत आला. ह्या रायफलीनं पुढचं काडतूस आधीच नळीत चढवलेलं असतं. त्यात अर्धा बोल्ट ओढला की मागनं दुसरं काडतूस येऊन पहिल्याला भिडतं. गेल्या दसऱ्याला काय झालं असेल ते मला डोळ्यांपुढं दिसलं.

"दादा, रायफलीत काय नाही आता. तुमचा हात जातोय बोल्टवर."

"कुनाचा?"

"तुमचा. फैर झाली की हात जातो. बघा ना."

ते जे भडकले! "आरं, तुज्या जन्माच्या आदीपासनं रायफल वापरतोय मी. आन् तू मला हात शिकवतोस? तू पंपाचे नट आवळ!" रायफल माझ्या अंगावर टाकून ते तरातरा निघून गेले. मीही मागनं ओरडलो, की मग जा शिवेवर आणि परत हसं करून घ्या. बापाशी असं बोलायचं नसतं. पण त्या दिवशी मला कशाचीच पर्वा नव्हती. एवढे दिवस डोळे फोडून मी जे शोधून काढलं ते ह्या माणसाला ऐकूनही घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दादा ओट्यावर रिकामी रायफल घेऊन बसलेले. मॅगझिन काढून बाजूला ठेवलेलं. चाप ओढत होते, आणि हात दांडीकडं निघाला की स्वतःलाच शिवी हासडत होते. दुपारी त्यांनीच युक्ती काढली. उजव्या हाताचा तळवा आणि रायफलीचा दस्ता यांच्यामध्ये एक सुपारी दाबून धरायची. हात हलला की सुपारी खाली. दिवसभर ओट्यावर सुपारी पडल्याचा आवाज. आई म्हणाली, "अवो, तेवढी कातरून खाल्ली आस्ती तर पान तरी रंगलं आस्तं." दादांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. खंडेनवमीला आईनं रायफलीला कुंकवाचं बोट फक्त लाकडाला लावलं, तेही माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघत. तोवर सुपारी पडायची थांबली होती.

दसऱ्याला शिवेवर तोबा गर्दी होती. एरवी खडीवरून दमून आलेली माणसं घरी पडून राहिली असती, पण हवालदारांची फैर अडते का बघायला सगळे आले. बाया लेकरांना कडेवर घेऊन लांब उभ्या. ठासणीवाले आपली बंदूक ठासूनच घेऊन आलेले, पुढच्या फळीत. दादांनी खाकी सदरा घातलेला, पण खांदे उतरलेले दिसत होते. पूजा झाली. पारावरच्या त्या म्हाताऱ्यानं हात वर केला.

एक. माझं लक्ष त्यांच्या हातावर. दोन. हात जागेवर. तीन. चार. पाच. बस्स. खंड नाही, टिक् नाही. शेवटच्या फैरीचा आवाज माळावरून परत आला.

मला ओरडावंसं वाटलं. हलगीवाल्याकडं बघितलं, म्हटलं वाजव ना आता! पण हलगी वाजली नाही. लोक दादांकडं बघत होते, आणि त्या बघण्यात आनंद नव्हता. मग तो म्हातारा पुढं आला, दादांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि हळहळून म्हणाला, "हवालदार, आसंच गेल्या साली वाजलं आस्तं तर..."

वाक्य त्यानं तसंच सोडलं. टोमणाही नव्हता तो. मागनं एक बाई म्हणाली, "व्हय बया. येत हुतं की नीट. मग?" सगळीकडं माना हलल्या. म्हणजे फैर अडली असती तर दादा दोषी, आणि नीट झडली म्हणून तर पक्केच दोषी! मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होतो, पण दादांनी माझं मनगट धरलं. पान कपाळाला लावलं आणि पालखीमागून चालायला लागले.

घरी आल्यावर त्यांनी सदरा काढून घडी घातली. मग मला विचारलं, "रायफलीत काय खोट न्हवती म्हनतोस?"

"तेल साचलं होतं दादा. ते काढलं."

"तेल काढल्यावर बी माज्या हातात अडली."

"हो, पण..."

"मग गेल्या साली बी हातच ग्येला आसंल."

मी चिडलो. म्हटलं, कुणाला माहीत, तेलानंही अडली असेल. आणि समजा हात गेला, तर हाताचा आणि पावसाचा काय संबंध? साऱ्या महाराष्ट्रात पाऊस नाही, तिथं कुणाच्या रायफली अडल्या होत्या? आई आतून म्हणाली, "सांग, सांग, जरा जोरात सांग." मी ओरडून ओरडून सांगितलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, मला कळतंय की ते. मी काय आडानी हाय?" त्यांनी सदऱ्याची घडी पेटीत ठेवली. "पर बंदुकीत खोट हुती तवर बरं हुतं."

मी रायफल उचलून खुंटीला अडकवली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. भरपूर झाला. ओढ्याला पाणी आलं, इंजिनं सुरू झाली, मी कर्जतला कामावर गेलो. श्रावणात सोमवारची सुट्टी घेऊन घरी आलो होतो तेव्हा पारावरची तीच माणसं हलगी लावून आमच्या दारात आली. हातात नारळ, गुलाल. म्हातारा म्हणाला, "हवालदार, तुमच्या फैरी पावल्या गावाला. ह्यो गावाचा मान."

आई हरखली. खरं सांगतो, सगळं कळत असूनही मीही हरखलो. वर्षभर ऐकून घेतलं होतं, आता घ्या म्हटलं नारळ, लावा गुलाल, मिरवा. दादांनी हात पुढं केला नाही. ओट्यावरच उभं राहून त्यांनी हात जोडले.

"ह्यो घेतला," ते म्हणाले, "तर मागलं साल बी माजंच ठरतंय. मला न्हाई झेपायचं ते."

म्हाताऱ्याला ते समजलंच नाही. तो परत परत नारळ पुढं करत राहिला, हलगीवाला वाजवतच राहिला, आणि माझे दादा हात जोडून मान हलवत राहिले. मला त्या माणसांवर ओरडायचं होतं. पण ती बिचारी कौतुकच करायला आली होती. नारळ ओट्यावर ठेवून ती गेली. संध्याकाळी दादांनी तो नारळ उचलला, ठासणीवाल्यांच्या घरी नेऊन दिला आणि "यंदापासनं मान तुमचा" असं सांगून परत आले. आई त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. मी रायफल साफ करायला घेतली तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, आता कशाला?"